जैनबआपांचा एकुलता एक सत्कार

आमच्या पनवेलमध्ये सत्कार चुकवणं सोपं नाही. माणूस निवडून आला की सत्कार, पडला की चांगली लढत दिली म्हणून सत्कार, निवृत्त झाला की सत्कार आणि आयुष्यात काहीच घडलं नाही तर साठ वर्षांचा झाला म्हणून सत्कार. मी शाळेत इतिहास शिकवत होतो. आवाज मोठा आणि कपडे इस्त्रीचे, एवढ्या भांडवलावर गावातल्या झाडून सगळ्या सत्कारांचं सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं. ‘ज्यांच्या परिचयाची गरजच नाही’ असं म्हणायचं आणि मग पाऊण तास परिचय करून द्यायचा, हे मी इतक्या वेळा केलंय की झोपेतसुद्धा करू शकेन. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे करतोही.

पण सत्काराला घाबरून पळणारी एकच व्यक्ती मी पाहिली. आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका, जैनबआपा सिद्दी.

आपा मूळच्या मुरूडकडच्या. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून समुद्रमार्गे आले. कुणी शिपाई म्हणून, कुणी गुलाम म्हणून, आणि त्यांतलेच काही पुढे किल्ल्याचे धनी झाले. आपांच्या वाट्याला किल्ला आला नाही, पण रंग, कुरळे केस आणि खर्जातला आवाज आला. उंची अशी की आमच्या गल्लीतल्या जुन्या घरांत शिरताना त्यांना वाकावं लागे. त्या वाकून आत आल्या की घरातल्यांना वाटायचं, बाई फार नम्र आहे. ती समजूत पाच मिनिटांत दूर व्हायची.

नव्या वसाहतीतल्या लोकांची मात्र त्यांना पाहून तारांबळ उडायची. एकदा एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना परदेशातून शिकायला आलेल्या मुलांपैकी कुणाची तरी आई समजून इंग्रजीतून भाषण सुरू केलं. भारत हा कसा पाहुण्यांचा देश आहे, आमची सोसायटी कशी मोकळ्या मनाची आहे, फक्त भाडेकरूंनी जिन्यात चपला ठेवू नयेत, वगैरे. आपा शांतपणे ऐकत राहिल्या. सेक्रेटरी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, “दादा, तुमच्या टाकीचं झाकण गेलं असा अर्ज तुमीच दिलेला ना? तां बघाया आलीय मी. चला वरती.”

सेक्रेटरी मागोमाग जिना चढले. वर पोहोचल्यावर धीर करून त्यांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही ओरिजिनली कुठल्या?”

“मुरूडची.”

“नाही, म्हणजे त्याच्याआधी?”

“त्याच्याआधी आईच्या पोटात व्हते,” आपा म्हणाल्या आणि टाकीत डोकावल्या.

त्या नगरसेविका कशा झाल्या, हाही एक किस्साच आहे. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पुढारी मंडळी, सही करण्यापुरती येईल आणि बाकी कारभार नवरा पाहील, अशी बाई शोधत होती. आपांचे यजमान इस्माईलभाई बंदरावरचा ट्रेलर चालवायचे. माणूस इतका भिडस्त की हॉर्नसुद्धा विचारून वाजवेल. मंडळींना हा नवरा फार पसंत पडला. पण त्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. इस्माईलभाई बघावं तेव्हा न्हावा शेव्याच्या रांगेत अडकलेले. पहिल्या बैठकीला ते जासईपाशी अडकले होते, दुसऱ्या बैठकीला करळ फाट्यावर. शेवटी आपा स्वतःच बैठकीला गेल्या आणि मग जातच राहिल्या. न्हावा शेव्याच्या ट्रॅफिकचं लोक काहीही म्हणोत, त्याने पनवेलला एक नगरसेविका दिली, हे मी तरी विसरणार नाही.

प्रचारात समोरच्या उमेदवाराने कोपरा सभेत आरोळी ठोकली होती की हा वॉर्ड आम्ही जिंकणार म्हणजे जिंकणार. आपा त्या सभेत मागे उभ्या राहून ऐकत होत्या. गर्दीत मी त्यांना दिसलो. तिथूनच ओरडून त्यांनी विचारलं, “मास्तर, तुमी इतिहास शिकवता. जंजिरा कुनी जिंकला काय?”

सगळी सभा माझ्याकडे वळली. मी इतिहासाचा माणूस, खोटं बोलता येईना. म्हटलं, “नाही बुवा. कुणालाच जमलं नाही.”

“मंग सिद्दीचा वॉर्ड यांना कसा जमंल?”

समोरच्या उमेदवाराचे कार्यकर्तेसुद्धा हसले. आपा निवडून आल्या, आणि त्यात माझा वाटा आहे असं मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे.

कामं करवून घेण्याची त्यांची पद्धत अशी होती की तिचा धडा कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. त्या कुणावर ओरडत नसत. ज्याच्याकडे काम असेल त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसत आणि पिशवीतून सुकट काढून निवडू लागत. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. ज्याने तिचा वास एसी लावलेल्या, खिडक्या बंद असलेल्या खोलीत घेतला असेल त्याला पुढचं सांगायला नको. “तुमी तुमचं करा साहेब, मला घाई नाय,” असं म्हणून आपा मांडी ठोकत. कधी सोडे असत, कधी जवळा. ज्याला मासळी चालत नाही त्याच्याकडे गटाराचं काम सर्वांत लवकर होई. ज्याला चालते त्याच्याकडे थोडा वेळ लागे, कारण तो मध्येच विचारे की आपा, एवढी ताजी सुकट कुठून आणलीत, आणि मग गोष्ट रेसिपीवर जाई.

सत्काराबद्दल त्यांचं मत ठाम होतं. “मास्तर, ज्याला गप करायचाय त्याच्या अंगावर शाल टाकतात. शाल सांभाळू का भांडू?” त्यामुळे निमंत्रण आलं की आपांना नेमकी मुरूडची आठवण यायची. माझ्या हातात परिचयाचा कागद, खुर्चीवर त्यांच्या नावाची चिठ्ठी आणि आपा एसटीत बसून रेवदंड्याच्या पुढे गेलेल्या. असं किती वेळा झालं असेल.

आणि तरीही त्यांनी एक सत्कार स्वीकारला. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

मच्छी बाजारात हिराबाई बसायची. उरणकडची कोळीण, अंगाने सुकलेली, आवाजाने दणकट. पहाटे टेम्पोत पाटी टाकून यायची ती दुपार कलल्यावर परत निघायची. तेवढ्या वेळात घोटभर पाणीसुद्धा प्यायची नाही. हिराबाईच कशाला, त्या ओळीतली कुठलीच बाई प्यायची नाही. बाजारात बायकांना जायला जागाच नव्हती. एके दिवशी हिराबाई पाटीवरच आडवी झाली. आपा तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर तरुण होता. त्याने लघवीच्या मार्गाला सूज आहे म्हणून सांगितलं आणि बजावलं की मावशी, पाणी भरपूर पीत जा, असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील.

“पानी पिवाचा तं जावाचा कुठं?” हिराबाईने विचारलं. डॉक्टरकडे त्यावर गोळी नव्हती.

आपांनी ते मनावर घेतलं. किती सुकट निवडली गेली याचा हिशोब नाही, पण बाजाराच्या टोकाला बायकांसाठी स्वच्छतागृह मंजूर झालं आणि बांधूनही झालं. पांढऱ्या फरशा, नळ, कड्या, सगळं जागेवर. बांधलं आमच्या नानांनी. नाना हे गावातलं दुहेरी व्यक्तिमत्त्व. सकाळी ते ठेकेदार असत आणि संध्याकाळी मित्रमंडळाचे अध्यक्ष. सकाळी जे बांधायचं त्याचं संध्याकाळी उद्घाटन करायचं, अशी त्यांची दिनचर्या. मनाने वाईट नाहीत, पण फोटोशिवाय त्यांना कुठलीही गोष्ट झाली आहे असं वाटत नाही.

स्वच्छतागृह बांधून झालं आणि नानांनी त्याला कुलूप ठोकलं. साहेबांच्या हस्ते लोकार्पण झाल्याशिवाय उघडायचं नाही. साहेब कोण ते मी लिहीत नाही. प्रत्येक गावाला एक असतात. आणि साहेबांना काही वेळ मिळेना. उद्यान असलं की वेळ, कमान असली की वेळ, बसथांबा असला तरी वेळ. शौचालय म्हटलं की साहेब दौऱ्यावर. त्यांच्या माणसाने खासगीत सांगितलं की वरती ‘शौचालय’ अशी पाटी, खाली साहेब, असा फोटो एकदा निघाला तर जन्मभर लोकांच्या मोबाइलवर फिरत राहील.

“नाना, चावी द्या,” आपा म्हणाल्या.

“आपा, तुमच्यासाठी जीव देईन. पण साहेबांच्या आधी उघडलं तर मला पुढचं काम मिळेल का? सांगा तुम्हीच.”

आपा नानांच्या ऑफिसात सुकट घेऊन गेल्या. नाना स्वतः उरणकडचे. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि मदत करायला बसले. आपांचं हे एकमेव अस्त्र असं बोथट झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. कुलूप फोडायची गोष्टही निघाली होती, पण फोडलं तर कोळणींवरच केस होईल, म्हणून आपांनी ती थांबवली. तेवढ्यात हिराबाईला दुसऱ्यांदा ताप आला. त्या दिवशी आपा आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, “फरशा बघून येते ना मास्तर, तवा जास्ती जळते. नव्हता तवा नव्हता. आता हाय आनि बाई बाहेर तडफडतेय.” आपांच्या डोळ्यांत पाणी मी तेवढंच पाहिलं.

त्याच सुमारास नानांच्या अमेरिकेतल्या जावयाने त्यांना एक व्हिडिओ पाठवला. तिकडे गावोगावी लोकसेवेतल्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांचे गौरव करतात, त्याचा. नाना तो मोबाइल नाचवत माझ्याकडे आले.

“मास्तर, अमेरिकेला असे ढीगभर असतात. पण आख्ख्या पनवेलमध्ये एकच आहे आणि तीही आपल्या वॉर्डात! आपण मागे का राहायचं? साहेबांनापण ही कल्पना जाम आवडली. यायचं म्हणतायत.”

“आपा येणार नाहीत,” मी म्हटलं.

पण आपा हो म्हणाल्या. नाना खुर्चीतून पडायचेच बाकी होते. अट एकच, कार्यक्रम मच्छी बाजारात, सकाळच्या वेळी, स्वच्छतागृहाच्या समोर. माझं काम तिथलं, माझी माणसं तिथली, असं त्यांनी सांगितलं. नानांना आयती गर्दी मिळत होती. मागचं स्वच्छतागृह साहेबांच्या फोटोत येऊ नये म्हणून त्यावर भला मोठा फ्लेक्स लावायचा, ही युक्ती त्यांना स्वतःलाच सुचली आणि तिचं त्यांना फार कौतुक वाटलं.

परिचयाचा मजकूरही त्यांनीच लिहून दिला. पहिलंच वाक्य होतं, ‘आफ्रिकेची वाघीण’.

“नाना, आफ्रिकेत वाघ नसतात.”

“मग सिंहीण करा. त्यात काय!”

कार्यक्रमाच्या सकाळी मी लवकर पोहोचलो. फ्लेक्स लागला होता. आफ्रिकेचा नकाशा, दोन ढोल, एक सिंह, उजवीकडे हात जोडलेले नाना आणि मधोमध आपांचा फोटो. आमच्या फ्लेक्सवाल्याचा एक जुना नियम आहे, फ्लेक्सवर येणाऱ्या प्रत्येकाला गोरं करायचं. नाना गुलाबी दिसत होते. सिंहसुद्धा जरा उजळला होता. आणि आपा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. केस त्यांचे, नाक त्यांचं, आणि रंग साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचा.

आपा आल्या. कमरेवर हात ठेवून फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या.

“मास्तर, ही कोन?”

“तुम्ही,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“नाना, सत्कार कशाचा हाय माझा?”

“कृष्णवर्णीय लोकसेविका,” नाना अभिमानाने म्हणाले.

“आनि ही?”

नानांनी वर पाहिलं. मला वाटतं, तेव्हाच त्यांना पहिल्यांदा दिसलं. “जरा उजळलाय फोटो,” ते चाचरत म्हणाले. “सगळ्यांचाच उजळतो आपा. तुम्हाला वेगळं काढायचं नाही म्हणून...”

कोळणी पदरात तोंड खुपसून हसत होत्या. आपा हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “बरं हाय,” एवढंच म्हणाल्या. तेव्हा त्यांच्या मनात काय शिजतंय याची मला कल्पना नव्हती.

साहेब आले. हार, तुरे, श्रीफळ झालं. मी परिचय करून दिला. सिंहीण वगळली, सुकट घातली. साहेबांनी आफ्रिका खंडाशी असलेले आपले जुने संबंध सांगितले. म्हणजे ते एकदा तिकडे सहलीला गेले होते. मग आपांच्या अंगावर शाल पडली आणि त्या माइकपाशी आल्या.

“साहेबांनी माझी तारीफ केली, अल्ला त्यांना सुखी ठेवो. आफ्रिका मी पायली नाय. साहेब जाऊन आले, म्हनजे माझ्याहून तेच जास्ती आफ्रिकेचे. मी मुरूडची आनि पनवेलची. माझा सत्कार करायचाय तर माझ्या कामाचा करा. आनि ही फ्लेक्सवरची बाई मी नाय. ती कोन हाय ते नानांना म्हाईत. साहेब, हात जोडून सांगते, हिला तेवढी खाली उतरवा.”

लोक टाळ्या वाजवू लागले. टाळ्या वाजल्या की साहेब विचार करत नाहीत. ते हसत पुढे गेले आणि त्यांनी फ्लेक्सची दोरी ओढली. गोऱ्या आपा, सिंह आणि नाना असे सगळे एकदम खाली आले. मागे स्वच्छतागृह उभं होतं. दाराला कोळणींनी गुपचूप लावलेलं झेंडूचं तोरण होतं, आणि आडवी लाल फीत बांधलेली होती.

नाना मटकन बसले. साहेबांच्या माणसाने त्यांची बाही ओढली, पण त्याला उशीर झाला होता. साहेबांचा एक स्वभाव आहे, फीत दिसली की त्यांचा हात आपोआप पुढे जातो. कात्री शोधली तर कात्री नव्हती. हिराबाईने पाटीवरचा कोयता पाण्याखाली धरला, पदराला पुसला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो पापलेटचे खवले चिकटलेला कोयता मोठ्या डौलाने चालवला. फीत तुटली. फोटो निघाला. वरती पाटी, खाली साहेब, हातात कोयता.

“नाना, चावी,” आपा माइकवरच म्हणाल्या.

सगळा बाजार नानांकडे पाहत होता. साहेबही पाहत होते. नानांनी सफारीच्या खिशातून चावी काढली. ती त्यांच्या खिशातच होती. कुलूप निघालं, आणि साहेब दोन शब्द बोलायला माइककडे वळणार तोच हिराबाई त्यांना बाजूला सारून आत शिरली. कडी लागली.

बाहेर चारशे माणूस, एक नेता, एक बॅन्डपथक, आणि कुणालाच काय करावं ते कळेना. साहेबांनी घसा खाकरला. बॅन्डवाल्याने तोंडाला लावलेला पिपाणीचा शेंडा काढून घेतला. मी माइक हातात धरून उभा होतो. कितीतरी सत्कारांचं सूत्रसंचालन केलेला मी माणूस, या प्रसंगाला शोभेल असं एक वाक्य मला सुचलं नाही. मग आतून पाणी सोडल्याचा आवाज आला, माइक चालू असल्यामुळे तो शेवटच्या ओळीपर्यंत गेला, आणि बाजाराने ज्या टाळ्या वाजवल्या त्या मी आजवर कुठल्याही भाषणाला ऐकल्या नाहीत. बॅन्डवाल्यांनीही सुरुवात केली. हिराबाई दारात आली, एवढा जमाव पाहून तिने आधी तोंड झाकलं आणि मग सगळ्यांना नमस्कार केला. साहेबांनीही तिला हात जोडले.

तो फोटो खरंच मोबाइलवर फिरला. साहेबांची पंचाईत होईल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण बायकांनी त्यांना एवढा दुवा दिला की पुढच्या महिन्यात त्यांनी आणखी दोन ठिकाणी शौचालयं मागितली. नाना ते श्रेय स्वतःकडे घेतात. घेऊ देत. बांधलीही त्यांनीच.

आपांची मुदत संपली, पुढच्या खेपेला वॉर्डाची रचना बदलली आणि त्यांनी परत अर्ज भरला नाही. इस्माईलभाईंनी ट्रेलर सोडला. दोघं मुरूडला राहायला गेली, त्यालाही आता काही वर्षं झाली. फोनवर बोलणं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या जायच्या आदल्या आठवड्यातल्या.

मे महिन्यातली सकाळ होती, पण ऊन दुपारचं. मी पिशवी घेऊन बाजारात गेलो तर हिराबाईच्या पाटीसमोर आपा उकिडव्या बसलेल्या. बांगड्याच्या भावावरून दोघींची जुंपली होती. आपा भाव करताना मैत्री बाजूला ठेवत. हा बांगडा काल मेला का परवा, इथपासून सुरुवात होई.

“नाय परवडत आपा,” हिराबाई म्हणत होती. “तुमी व्हत्या म्हनून सांगतंय, दुसऱ्या कोनला या भावाला हात लावू नसता दिला.”

“मला लुटतेस तू गो. माझ्याच बाजारात मला लुटतेस.”

बोलता बोलता हिराबाईने मागून पाण्याची मोठी बाटली ओढली, झाकण काढलं, मान वर केली आणि पिऊ लागली. थांबून थांबून नाही, सलग. गळ्याखालून पाणी ओघळत होतं. अर्धी बाटली संपली तरी तिने ती खाली ठेवली नाही. आपा पुढचा भाव सांगायला तोंड उघडून बसल्या होत्या, तशाच राहिल्या.

हिराबाईने तोंड पुसलं. “हां, बोला. किती देताव?”

“तू म्हनशील तेवढं,” आपा म्हणाल्या, आणि पिशवी पुढे केली.